पोराला खड्ड्यात सापडलेलं तराजूचं नाणं : खरं असेल का?

मीनल_गिरगाव

नमस्कार मंडळी. नाण्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

आमच्या वाडीच्या तोंडाशी तीन आठवडे झाले, पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलंय. मातीचा ढीग पार जिन्याला टेकलाय आणि शाळा सुटली की वाडीतली सगळी पोरं त्या ढिगावर. परवा माझा मुलगा (चौथीत आहे) घरी आला तो मूठ आवळून. हात धू म्हटलं तर मूठ उघडेना. शेवटी आजीने लाडूचं आमिष दाखवल्यावर उघडली. आत चिखलाचा गोळा आणि गोळ्यात हे नाणं.

फोटो चढवायचा तासभर प्रयत्न केला, होत नाहीये, म्हणून वर्णन लिहिते. रंग काळपट तपकिरी, मधे मधे हिरवट. आकार जुन्या चार आण्यापेक्षा मोठा. एका बाजूला मधे ढाल, तिच्या दोन्ही अंगांना मागच्या पायांवर उभे असलेले दोन प्राणी. सिंह असावेत, पण तोंडं पार झिजलीत. खाली १८३३. दुसऱ्या बाजूला वाण्याकडे असायचा तसा दोन पारड्यांचा तराजू आणि पारड्यांच्या मधे उर्दूसारखी अक्षरं. कडेला काही लिहिलेलं असेल तर ते गेलंय. ऑफिसातल्या नसीमला दाखवलं. ती म्हणाली, मधला शब्द ‘अदल’ आहे आणि तराजूखालचे आकडे १२४९.

आता घोळ असा झाला की मी ऑफिसला गेले असताना सासूबाईंनी ते चिंचेने घासायला घेतलं. पोराने आरडाओरडा केला म्हणून त्या थांबल्या. त्यामुळे तराजूची अर्धी बाजू तांब्याच्या लोट्यासारखी लखलखीत आणि अर्धी तशीच काळी.

नाक्यावरच्या सराफाने फरशीवर आपटून आवाज ऐकला आणि ‘बद्द वाजतंय, नकली आहे’ म्हणून परत दिलं. नवऱ्याने कुठलासा व्हिडिओ पाहून त्यातल्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, तुमच्या नाण्याला साडेचार लाख मिळतील, आधी नोंदणीचे १८५० रुपये पाठवा. पाठवलेले नाहीत. अजून.

आणखी एक. आमच्या देवघरात सासऱ्यांनी आणलेलं एक नाणं आहे. पिवळं, जड, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल’, ‘वन आना’ आणि १८१८. ते ‘अस्सल कंपनीचं’ असं घरात सगळे मानतात. मुलाने दोन्ही शेजारी ठेवली तर एक इतकं सुबक आणि दुसरं इतकं मळकट, की त्याचं तोंडच पडलं. ‘म्हणजे माझंच खोटं ना?’ असं विचारत होता.

काय सांगू त्याला?

सागर_ठाणे

ताई, अशी नाणी चोरबाजारात टोपल्या भरभरून मिळतात. एखाद्याने ओवाळून टाकलेलं असेल. डोक्याला ताप करून घेऊ नका. आणि ते १८५० तेवढे पाठवू नका.

ढब्बू_पैसा

मीनलताई, सागररावांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन, बाकीच्याला नाही.

फोर्टातल्या एका बँकेत एकतीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसलो. चांदीच्या नादी लागावं एवढा पगार नव्हता, म्हणून फक्त तांबं गोळा केलं. त्यामुळे राणीछापवाले मला खिजगणतीत धरत नाहीत, पण तुमचं नाणं नेमकं माझ्या आवडीचं निघालं. आणि फोटो चढला नाही हे एका परीने बरं झालं. फोटो टाकणारे लोक नाणं बघतच नाहीत, तुम्ही नीट बघितलंत.

आधी सराफाचं. आवाज ऐकायचा तो चांदीच्या बंद्या रुपयाचा. खणखणीत वाजतो तो. पावणेदोनशे-दोनशे वर्षं मातीत राहून पुटं चढलेलं तांबं बद्दच वाजणार. सराफाला सोनं-चांदी कळते, त्याने त्याच्या मापाने मोजलं. वर फरशीवर आपटलं! असो.

आता मला काय दिसतं ते सांगतो. तराजू आणि मधे ‘अदल’ ही आपल्या मुंबई इलाख्याच्या कंपनी सरकारच्या तांब्याच्या नाण्यांची खूण. अदल म्हणजे न्याय, आपला अदालत शब्द त्याच मुळातला. ढाल आणि सिंह हे कंपनीचं चिन्ह. १८३५ साली कायदा करून कंपनीने साऱ्या मुलखात एकसारखं चलन आणलं. त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल यांचं आपापलं वेगळं चालायचं. तुमचं नाणं त्या आधीच्या शेवटच्या दोन-चार वर्षांतलं, पाव आणा. चार पाव आणे म्हणजे आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाला अशी चौसष्ट.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. एका बाजूला १८३३ आणि दुसऱ्या बाजूला १२४९. ते हिजरी साल आहे. हिजरी १२४९ सुरू झालं १८३३ च्या मे महिन्यात. दोन्ही सालं एकमेकांशी जुळतात. नुसतं ‘जुनं दिसणारं’ काहीतरी करणारा माणूस इथेच घसरतो. त्याला इंग्रजी साल माहीत असतं, पलीकडचं तो डोळे मिटून ठोकतो. नसीमबाईंना माझे आभार कळवा.

दुसरं, झीज. तुम्ही म्हणता सिंहांची तोंडं गेलीत, पण साल वाचता येतं. हातोहात फिरलेल्या नाण्याचे उंचवटे आधी झिजतात. तोंड, छाती, ढालीचा मध्य. खोलगट जागेतलं टिकून राहतं. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत सगळंच सारखं मऊ, साबणाच्या वडीसारखं दिसतं. अक्षरांच्या मुळाशीसुद्धा धार नसते आणि नाण्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, ओतताना राहिलेल्या हवेची. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. आजींनी घासलेली बाजू यासाठी उपयोगी पडेल, तिथे आता सगळं उघडं झालंय. (पण उरलेली अर्धी बाजू घासू नका, हात जोडतो. ती काळी पुटं म्हणजे नाण्याचं कातडं आहे.)

कडेवरून नख फिरवा. मधोमध सलग बारीक शिवण लागली, तर दोन अर्धे साचे जोडून ओतलेलं आहे असं समजा.

तिसरं, वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा चालणार नाही. ज्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो असा खिशातला काटा कुणाकडून तरी मागून आणा. पाव आणा शंभर ग्रेनचा, म्हणजे साधारण ६.४७ ग्रॅम. झिजलेला असल्यामुळे थोडा कमी भरेल. सहा भरला तरी मी मान हलवेन, साडेसात भरला तर नाही.

चौथं पोराला करायला द्या, त्याला मजा येईल. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडांना टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. तांबं असेल तर नऊच्या जरा आत, म्हणजे ८.९ च्या आसपास येतं. लोखंड ७.८ च्या घरात, जस्त सात-सव्वासातला. पितळ साडेआठच्या अलीकडे-पलीकडे येतं, त्यामुळे एवढ्या लहान नाण्यात पितळ आणि तांबं यांच्यातला फरक काठावरचा असतो. लोखंड-जस्ताची भेसळ मात्र इथे लपत नाही.

देवघरातल्या नाण्यावरही हेच प्रयोग करा. त्याबद्दल नंतर बोलू.

अश्विनी_के

जमिनीत सापडलेली वस्तू सरकारजमा करावी लागते ना? नाहीतर मुलाच्या नावाने भलतंच काही व्हायचं.

आणि देवघरातल्याबद्दल मी आत्ताच सांगते, ते खोटं आहे. कंपनीने हिंदू देव कधी नाण्यावर छापलेच नाहीत.

ढब्बू_पैसा

अश्विनीताई, उलट्या क्रमाने.

देव छापलेच नाहीत असं नाही. मद्रासकडे कंपनीनेच सोन्याचे होन पाडले, त्यांच्यावर विष्णू आहे, एका प्रकारावर तर दोन्ही बाजूंना देव्या घेऊन उभा आहे. दक्षिणेतल्या व्यापाऱ्याला त्याच छापाची सवय होती, कंपनीला धंद्याशी मतलब. तेव्हा ‘देव आहे म्हणून खोटं’ हे कारण चुकीचं. निकाल तुमचा बरोबर आहे, पण तो वेगळ्या वाटेने यायला हवा.

कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं त्यात आहे. दहा रुपये तेव्हाचे, कुणी बदलले नाहीत. खड्ड्यात उद्या मडकं निघालं, नाण्यांची जुडी निघाली, तर हात न लावता कळवाच. तिथे नाणं कुठे, किती खोल, कशाशेजारी होतं याला नाण्यापेक्षा जास्त मोल असतं. ढिगातल्या एका सुट्या पाव आण्यासाठी कलेक्टर कचेरीची पायरी चढलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण कायद्याचा मजकूर हा असा आहे, लपवत नाही.

मीनल_गिरगाव

काका, काल संध्याकाळी आमच्याकडे प्रयोगशाळा झाली होती. काटा नवऱ्याच्या मित्राने दिला, तो घरी साबण बनवतो.

तराजूवालं: ६.२१ ग्रॅम. पट्टीने मोजलं तर अडीच सेंटीमीटरला किंचित जास्त. फ्रिजवरचं लोहचुंबक चिकटलं नाही. पाण्यात बुडवल्यावर ०.७०. पोराने वहीत भागाकार केला, चौथीच्या मानाने बराच मोठा होता, तीनदा चुकला. ८.८७ आलं.

मोबाइलने मोठं करून बघितलं. सिंहांच्या तोंडाजागी गुळगुळीत, पण ढालीच्या आतल्या रेषा अजून टोकदार आहेत. तराजूची दांडी मधे सपाट झालीय आणि पारड्यांच्या साखळ्या मात्र मोजता येतात. एका बाजूला पाच कड्या, दुसरीकडे चार दिसतात, पाचवी मातीत अडकलीय. टाचणीची भोकं नाहीत. एका ठिकाणी खड्डा आहे पण तो वेडावाकडा, वरून मार बसल्यासारखा. कडेला शिवण नाही.

देवघरातलं: १०.४० ग्रॅम, पाण्यात १.२४. भागाकार ८.३९. चुंबक नाही चिकटलं. मारुतीच्या गदेखाली आणि ‘कंपनी’च्या ओमध्ये ती टाचणीची भोकं आहेत. कडेची शिवण मुलानेच दाखवली. सासूबाई शेजारी बसून होत्या, काही बोलल्या नाहीत.

ढब्बू_पैसा

चिरंजीवांना सांगा, भागाकार बरोबर आहे.

तुमचं तराजूचं नाणं माझ्या मते खरं आहे. हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही, पण सालं जुळतात, वजन झीज धरून बसतं, धातू तांब्याच्या जवळ, झीज जिथे हवी तिथे. आणि एक व्यवहाराची गोष्ट. खोटं करणारा राणीछाप करतो, शिवरायांचा सोन्याचा होन करतो, १९३९ चा रुपया करतो. ज्यात पैसा आहे ते करतो. घासलेला पाव आणा बनवायचा, त्याला पुटं चढवायची आणि गिरगावच्या रस्त्याखाली नेऊन पुरायचा, एवढा उद्योग कोण करेल? अशी नाणी त्या काळी ढिगाने पाडली गेली. या स्थितीतल्याला आज काही शे रुपये आले तरी खूप, आणि चिंच लागल्यावर त्यातलेही कमी. साडेचार लाखवाल्याला फोनवरच नारळ द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून हेच लोक ‘कर’, ‘कमिशन’ मागतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीरच केलं होतं की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कुणाला तसं नेमलेलंही नाही.

१८३० च्या सुमाराला फोर्टात, टाउन हॉलच्या शेजारी, वाफेच्या यंत्रांवर चालणारी टांकसाळ सुरू झाली. ती इमारत अजून उभी आहे आणि आजही तिथे नाणी पडतात. तुमच्या वाडीपासून रमतगमत तासाभराची वाट. पोराला बाहेरून तरी दाखवून आणा. तिथून पुढे सर फिरोजशहा मेहता रोडवर, अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. जायच्या आधी वेळ तेवढी बघून घ्या.

आता देवघराचं. १८१८ म्हणजे पेशवाई गेली ते साल. नाणी करणाऱ्यांना ते फार आवडतं, तसंच १६१६ आणि १७१७. पण एकसारखं चलन आल्यानंतर सरकारने एक आण्याचं नाणं काढलं तेच १९०७ मध्ये, आणि ते निकेलच्या मिश्रधातूचं, नागमोडी कडेचं. ‘यूकेएल’ असं काही कंपनीने लिहिलेलं नाही. तुमचं वजन आणि भागाकार पितळेकडे बोट दाखवतात, भोकं आणि शिवण साच्याकडे. कंपनीचं नाणं नाही ते.

असल्या नाण्यांच्या जोरावर लोकांना मोठमोठे गंडे घातले गेलेत. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ ऐकलंय ना? तांदळाला लोखंडाची पूड लावायची, नाण्यामागे चुंबक लपवायचं, आणि समोरच्याकडून लाखो उकळायचे. तुमच्या सासऱ्यांनी किती मोजले ते विचारू नका. झालं ते झालं.

पण देवघरातून हलवायचं कारण मला दिसत नाही. रामदरबाराची टाकं पूजेसाठी पाडायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, त्यांना रामटंकाच म्हणतात. ते चलन नव्हतंच कधी. तुमच्याकडचं अलीकडचं ओतकाम असेल, तरी ज्या कामासाठी घरात आलं ते काम ते करतंय. फक्त ‘कंपनीचं’ म्हणून कुणाला विकू नका.

तराजूच्या नाण्याला काही लावू नका, तेल नाही, वार्निश नाही. कोरडं ठेवा. पावसाळ्यात त्यावर पोपटी रंगाची भुकटी धरायला लागली तर इथे लिहा. तो रोग असतो, तांब्याला आतून खातो. काळसर हिरवं घट्ट पूट असेल तर काळजी नाही.

सागर_ठाणे

काका, माझे शब्द मागे. चोरबाजारात टोपलीतून शोधायचं म्हटलं तर काय काय बघू?

ढब्बू_पैसा

टोपली सोडा, काटा घेऊन जा. दुकानदार काटा बघितल्यावर जो भाव सांगतो तो खरा असतो.

मीनल_गिरगाव

काल रात्री सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं रागावतील. म्हणाल्या, ‘नाणं खोटं असेल, राम कसा खोटा?’ आणि दिवा लावायला उठल्या. मग जरा वेळाने स्वयंपाकघरातून, ‘सहाशे दिले होते हो त्यांनी. पगार झाला होता त्या दिवशी.’ एवढंच.

पोराने नाणं टिकल्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवलंय. झाकणावर लिहिलंय: ‘पाव आणा, १८३३ = १२४९, वजन ६.२१, आजीने अर्धं घासलं.’ शाळेत न्यायला बाईंनी परवानगी दिलीय, मी नाही दिली अजून. रविवारी टांकसाळ बघायला जाणार आहोत. खड्डा मात्र काल बुजवला, त्यामुळे घरात सुतक आहे.

अश्विनी_के

मडकं निघालं असतं तर!

विन्या_दादर

नमस्कार, धागा आत्ताच वाचला. माझ्याकडे आजोबांच्या पेटीतलं १६१६ सालचं कंपनीचं नाणं आहे, मागे हनुमान, एकदम चकचकीत. एक जण दोन लाख द्यायला तयार आहे, फक्त आधी तपासणीचे पाच हजार मागतोय. जाणकारांनी मत द्यावं.

ढब्बू_पैसा

वजन किती भरलं?